नक्कल, स्किट आणि सुपारी: पुण्यात मिमिक्रीचं काम उभं करायचं तर

मिमिक्रीवाल्याला पहिली टाळी पडते ती आवाज ओळखू आला म्हणून. पहिल्या दोन वाक्यांतच ती मिळून जाते. तिसऱ्या वाक्यापासून प्रेक्षक वाट बघत असतो की बरं, ओळखलं, आता हा करणार काय? पुण्यातल्या कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये हुबेहूब आवाज काढणारी मुलं दरवर्षी दिसतात. पुढे टिकतात ती त्यातली मोजकीच. बाकीच्यांचे आवाज वाईट असतात असं नाही, त्या आवाजांना करायला काही काम नसतं. म्हणून खाली आवाजाइतकीच जागा लिखाणाला, माइकला आणि व्यवहाराला दिली आहे.

आवाज बसवताना

आधी आपली पट्टी ओळखा. बारीक, वरच्या पट्टीचा आवाज असेल तर अमिताभ बच्चनपासून सुरुवात करू नका. घसा दाबून खर्ज काढाल, तो अर्ध्या मिनिटात थकेल आणि ऐकणाऱ्यालाही ते कष्ट ऐकू येतील. सुरुवातीला तीन आवाज पुरतात: एक सिनेमातला, एक राजकारणातला आणि एक बिननावाचा, म्हणजे बातम्या देणारा अँकर, लग्नातला गुरुजी, रिक्षावाला असा नमुना. हा तिसरा सगळ्यात जास्त कामाला येतो, कारण तो शिळा होत नाही आणि त्याच्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

ऐकायला सिनेमातले संवाद घेऊ नका, मुलाखती घ्या. सिनेमात नट दुसऱ्याने लिहिलेलं बोलत असतो. मुलाखतीत तो अडखळतो, शब्द शोधतो, प्रश्न टाळतो, आणि नक्कल तिथे सापडते. दुसऱ्या मिमिक्री कलाकाराचं ऐकून तर शिकूच नका. त्याने चार खुणा उचलून वाढवलेल्या असतात, तुम्ही त्याच आणखी वाढवणार, आणि मूळ माणूस कुठल्या कुठे राहणार.

वीस सेकंदांचा तुकडा निवडा. तो शब्दन् शब्द कागदावर उतरवा, "म्हणजे", "काय आहे की", "अं" यांच्यासकट. जिथे थांबला तिथे उभी रेघ, लांब थांबला तर दोन रेघा. जोर दिलेल्या शब्दाखाली आडवी रेघ. श्वास ऐकू आला तिथे फुली. मग फोनवर वेग ०.७५ वर आणून पुन्हा ऐका. अर्ध्या खुणा चुकलेल्या निघतील.

आता क्रम सांभाळा. बहुतेक जण आवाजाच्या पोतापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. आधी लय घ्या: स्वतःच्या नेहमीच्या आवाजात, पण त्याच्या थांब्यांनी आणि वेगाने बोलून बघा. नुसत्या लयीवर समोरच्याला ओळख पटायला लागली तर निम्मं काम झालं. त्यानंतर आवाजाची जागा, म्हणजे तो नाकात घुमतो की छातीत की टाळूपाशी. मग उच्चार: च आणि ज दंत्य की तालव्य, न आणि ण वेगळे की एकच, शेवटचा स्वर ओढतो की गिळतो. पट्टी सगळ्यात शेवटी. लय चुकलेली आणि पट्टी बरोबर, अशी नक्कल "कुणाची तरी वाटतेय" इथवरच पोचते.

बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणाची सुरुवात घ्या: "जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो". नवखा मुलगा हे एका दमात, खरखरीत आवाजात म्हणून टाकतो. खरी गंमत शब्दांमधल्या जागांत आहे. त्या जागेत समोर मैदान भरलेलं आहे हे तुम्हाला दिसलं नाही, तर प्रेक्षकालाही दिसत नाही. रामदास आठवले यांची नक्कल आवाजावर कमी आणि यमकावर जास्त उभी राहते, तेव्हा जुन्या कविता पाठ करण्यात अर्थ नाही. त्याच दिवशीच्या विषयावर नवं यमक जुळवा: "सिंहगड रोडवर वाहनांचा आलाय पूर, म्हणून माझं घर मला वाटतंय दूर." प्रेक्षकाला आवाजाआधी यमकाची चाहूल लागते आणि तो हसायला तयार होऊन बसतो. राज ठाकरे स्वतःच भाषणांतून इतरांच्या नकला करतात. त्यांची नक्कल करताना त्यांना तिसऱ्याची नक्कल करायला लावता येते, पण हा दुमजली प्रकार पहिल्या वर्षी नको.

तपासणी दोन प्रकारे करा. एक, त्या आवाजात वाण्याची यादी वाचा. ओळखीचा संवाद सोडून तूरडाळ, हिंग आणि भांडी घासायचा साबण म्हणतानाही माणूस टिकला, तर आवाज बसला. दोन, घरातल्या कुणाला दुसऱ्या खोलीतून नाव न सांगता ऐकवा. चेहरा आणि हातवारे दिसत नसताना ओळखलं पाहिजे. शिवाय रोज रेकॉर्ड करा. आपलाच आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो असतो त्यापेक्षा भारदस्त वाटतो. "मला तर अगदी सेम वाटलं" या वाक्याचा उगम तिथे आहे.

दिवसाला वीस मिनिटं, तीही दहा-दहाच्या दोन तुकड्यांत. एक आवाज कामाचा व्हायला तीन-चार आठवडे लागतात असं धरून चाला.

घसा

खरखरीत आवाज, किंचाळणारा आवाज आणि रडका आवाज लागोपाठ काढला की स्वरतंतू सुजतात. सुरुवातीला पाच मिनिटं तोंड मिटून गुणगुणा, मग ग्लासात चार बोटं पाणी घेऊन त्यात स्ट्रॉने बुडबुडे काढत "ऊ" लावा, खालून वर, वरून खाली. दिसायला बावळट दिसतं, पण स्वरतंतूंवरचा ताण याने खरोखर कमी होतो. कार्यक्रमात खरखरीत आवाज सलग दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, मध्ये साध्या आवाजाचं निवेदन घाला.

घसा बसला की लोक कुजबुजत बोलतात. त्याने आराम मिळत नाही, ताण उलट वाढू शकतो. मुळात बोलूच नका. सारखं खाकरणंही टाळा, घोटभर पाणी प्या. मिठाच्या गुळण्यांनी घशाला बरं वाटतं, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, तेव्हा गुळण्या करून लगेच किंचाळायला मोकळे, असं समजू नका. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू दुर्बिणीने तपासून घ्या. (डॉ. श्रीराम लागू याच विषयातले शल्यचिकित्सक होते. नट आणि घशाचा डॉक्टर एकाच अंगात असण्याची चैन बाकीच्यांना नाही.)

स्किट लिहिताना

आवाजांची माळ लावणं, म्हणजे "आणि आता हा कसा बोलेल, आणि आता तो कसा बोलेल", हा प्रकार पाच मिनिटांपुढे ओढता येत नाही. स्किटला एक चुकीच्या जागी पडलेला माणूस लागतो. मोठा आवाज क्षुल्लक प्रसंगात टाका किंवा क्षुल्लक माणूस मोठ्या प्रसंगात टाका.

उदाहरणार्थ, कोथरूडमधल्या सोसायटीची सर्वसाधारण सभा. सेक्रेटरी बोलतो तो जुन्या मराठी सिनेमातल्या सरपंचासारखा, खालच्या पट्टीत, एकेक शब्द चघळत.

सेक्रेटरी: जोशीकाकू... तुमची मांजर आमच्या गाडीच्या बोनेटवर झोपली म्हणं.
काकू: थंडी होती हो.
सेक्रेटरी: (थांबून) आमच्या गाडीवर झोपायचं... तर मेंटेनन्स भरावा लागतो.

इथवर फक्त नियम ठरला: धमकी सिनेमातली, विषय पार्किंगचा. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर धमकी तीच ठेवून विषय आणखी बारीक करायचा. मांजरीला सहसभासद करून घ्यायचा ठराव, मग तिच्या नावाने नोटीस, मग ती नोटीस जिन्यात कुठे चिकटवायची यावर मतदान. तीन टप्पे पुरे. चौथ्याला प्रेक्षक तुमच्या आधी पोचलेला असतो. शेवटी उलटवा. काकू शांतपणे उठतात आणि त्याच आवाजात, त्याहून संथ म्हणतात: "सेक्रेटरी... तुमचं मागच्या वर्षीचं ऑडिट... कुठं झोपलंय?" ब्लॅकआउट.

आवाज शेवटी दुसऱ्याच्या तोंडी गेला, हे लक्षात घ्या. सगळे पंच, म्हणजे हशाची वाक्यं, मिमिक्री करणाऱ्यानेच मारायचे, या हट्टापायी बरीच स्किटं पडतात.

मराठीत लिहिताना एक अडचण कायमची: क्रियापद शेवटी येतं आणि पंचाचा शब्द त्याच्या आधी गाडला जातो. "सासऱ्यांनी लग्नात आहेर म्हणून हेल्मेट दिलं होतं." हशा "हेल्मेट"वर फुटायला हवा, पण मागून "दिलं होतं" येतं आणि त्यावर बसतं. हेच असं म्हणा: "सासऱ्यांनी लग्नात आहेर दिला. (पॉझ) हेल्मेट." शेवटचा शब्द तोच, आणि त्यानंतर तोंड बंद. उलट क्रियापदातच गंमत असेल तर मराठीसारखी सोय नाही, वरच्या ऑडिटचं "झोपलंय" बघा. संहिता झाली की प्रत्येक पंचाचं वाक्य वेगळं काढून शेवटचा शब्द कोणता आहे ते तपासा. "आहे", "होतं", "ना", "बरं का" यांवर संपणारी वाक्यं तोडून पुन्हा जुळवा.

लांबीचा हिशेब असा: साध्या बोलण्यात मिनिटाला साधारण १२० शब्द जातात, हशा आणि पॉझ धरले तर शंभरच्या आसपास. सहा मिनिटांच्या स्किटला सहाशे शब्द. नवखे हजार लिहितात आणि मग रंगमंचावर पळत सुटतात.

दुपारी एक ते चार बंद दुकान, पुणेरी पाट्या, मस्तानी आणि पेठेतला खवचट म्हातारा हे विनोद आता विनोद राहिलेले नाहीत, शहराची ओळख करून देणारा मजकूर झाला आहे. पुरुषाने साडी नेसून येणं टीव्हीने इतकं वापरलंय की साडीवर आता हशा येत नाही, फार तर आतल्या बाईच्या स्वभावावर येतो. व्यंग, रंग आणि जात यांवरची नक्कल तर सोडूनच द्या. तिथे हसणारे हसतात, पण सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं काम, देणारा पुन्हा फोन करत नाही.

हशा, कपडे, माइक

हशा चढतो, टोकाला जातो, उतरतो. उतरायला लागला की पुढचं वाक्य टाका. टोकावर असताना बोललात तर तुमचं वाक्य बुडतंच, शिवाय प्रेक्षक पुढचं ऐकू यावं म्हणून हसू आवरायला शिकतो. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर गाडी पुन्हा पहिल्या गिअरमध्ये. हशा आलाच नाही, तर आल्यासारखं थांबू नका.

वेशभूषेत एका माणसाला एक खूण पुरते: चष्मा, मफलर, जॅकेट, उपरणं. बदलायला पंधरा-वीस सेकंदांवर वेळ लागत असेल तर ती वस्तू रद्द करा. जॅकेटची बटणं खोटी लावून आत वेल्क्रो लावा. वस्तू विंगेतल्या टेबलावर वापरण्याच्या क्रमाने मांडा आणि तिथे दुसऱ्या कुणालाही चहाचा कप ठेवू देऊ नका. नकली मिशी स्पिरिट गमने (चिकटवायच्या डिंकाने) लावणार असाल तर आदल्या दिवशी कानामागे थेंबभर लावून त्वचा चिडते का बघा. घाम आला की मिशीची टोकं आधी सुटतात, म्हणून टोकांखालची त्वचा आधी कोरडी करून तिथली पावडर पुसून टाका.

हँडमाइकच वापरा, कॉलर माइकवर मिमिक्री होत नाही. शुअर एसएम ५८ किंवा तसा कुठलाही डायनॅमिक माइक चालतो. भारदस्त आवाजाला माइक ओठांच्या जवळ, दोन बोटांवर आणा. इतक्या जवळून खर्ज आपोआप फुगतो, म्हणजे अर्धं काम माइक करतो. किंचाळायचं तेव्हा वीतभर लांब न्या. प, फ, भ यांचे फटके बसतात, त्यावर उपाय म्हणजे माइक तोंडासमोर सरळ न धरता हनुवटीच्या बाजूने तिरका धरणं. रॅपवाल्यांसारखी जाळी मुठीत धरू नका. मागून येणारा आवाज गाळणाऱ्या फटी त्याने झाकल्या जातात, माइक चारी बाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी वाजते.

साउंडवाल्याला सगळ्यात आधी सांगायचं वाक्य: "एको बंद करा." ऑर्केस्ट्राची सवय असलेला ऑपरेटर गाण्यासाठी ठेवलेला एको तसाच ठेवतो, त्यात व्यंजनं विरघळतात आणि पंच ऐकूच जात नाही. साउंड चेकमध्ये "हॅलो, चेक, चेक" न करता सगळ्यात मोठा आणि सगळ्यात हळू आवाज काढून दाखवा. कॉर्डलेस असेल तर नवे सेल आपल्या खिशात ठेवा.

पुण्यात कामं कुठून सुरू होतात

कॉलेजात असाल तर दोन दारं उघडी आहेत. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा, जी महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून घेते, तिथे नक्कल चालत नाही, पण एकांकिकेच्या तालमीत पॉझ, एंट्री आणि दुसऱ्याला वाक्य देणं अंगात मुरतं. फिरोदिया करंडकात अनेक कला एकत्र आणायच्या असतात, तिथे मिमिक्रीला सरळ जागा मिळते. त्यानंतर सुदर्शन रंगमंचासारखं छोटं नाट्यगृह. प्रेक्षक इतका जवळ असतो की चेहऱ्यावरची नक्कल पोचते. बालगंधर्वच्या शेवटच्या रांगेपर्यंत भुवई पोचत नाही, तिथे खांदा आणि चाल लागते.

पोट भरतं ते मात्र सोसायट्या, गणेश मंडळं, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम आणि लग्नाचं संगीत यांच्यावर.

गणपतीतला स्टेज हा वेगळाच धडा आहे. शेजारच्या मंडळाचा स्पीकर, मागे जनरेटर, मध्येच पाऊस. शब्दांचा बारीक खेळ इथे मरतो. ओळखीचे आवाज, छोटी वाक्यं आणि दर मिनिटाला एक तरी हशा, असा मजकूर न्या. प्रमुख पाहुणे हमखास उशिरा येतात आणि तुमच्या वीस मिनिटांची आठ होतात, कारण परवानगी वाढवून मिळालेले दिवस सोडले तर रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. म्हणून एकाच कार्यक्रमाच्या पाच, बारा आणि वीस मिनिटांच्या तीन आवृत्त्या तयार ठेवा, आणि तिन्हींचा शेवट एकच असू द्या. आणखी एक, मंडळाचा आधारस्तंभ कोण आणि त्याचं कुणाशी जमत नाही हे चढण्याआधी कार्यकर्त्याला विचारा. फ्लेक्सवरचे चेहरे नीट बघितले तरी बरंच कळतं.

कंपन्यांच्या कामात जॉनी लिव्हरचा वारसा कामाला येतो. ते हिंदुस्तान लिव्हरमध्ये कामगार होते, तिथल्या कार्यक्रमात साहेबांच्याच नकला करायचे आणि त्यावरूनच हे नाव पडलं. हिंजवडीतल्या कंपनीत बच्चनपेक्षा तिथल्या मॅनेजरच्या नकलेला दसपट हशा येतो. एचआरकडून त्या साहेबांच्या मीटिंगचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग आठवडाभर आधी मागून घ्या आणि कुठल्या विषयाला हात लावायचा नाही (कपात, पगारवाढ, सोडून गेलेली माणसं) हे मेलवर लिहून घ्या. साहेबांची संमती हवीच. संमतीशिवाय केलेली नक्कल साहेब हसत हसत बघतात आणि बिल तीन महिने अडतं.

टीव्हीचा रस्ता मुंबईतून जातो. तिथे निव्वळ नकलाकारापेक्षा लिहिणाऱ्या नकलाकाराला लवकर बोलावतात, कारण दर आठवड्याला नवं स्किट लागतं. पाठवायची चित्रफीत दीड मिनिटाची, तीन आवाज, पहिला आवाज पहिल्या तीन सेकंदांत. "नमस्कार, माझं नाव" शेवटी. मागे सिनेमाचं गाणं लावू नका, हक्काचा दावा येऊन व्हिडिओ बंद होऊ शकतो.

व्यवहार आणि कायदा

तारीख, वेळ, मिनिटं, जागा, साउंड कुणाचा, प्रवास कुणाचा, रद्द झाल्यास किती, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच संदेशात लिहून समोरून "मान्य" घ्या. निम्मे पैसे तारीख पक्की करताना, उरलेले स्टेजवर चढण्याआधी. कार्यक्रमानंतर खजिनदार कुठे असतो हे कुणालाच माहीत नसतं. कंपन्या टीडीएस कापून देतात. तो आयकर खात्याच्या नोंदीत तुमच्या नावावर दिसतोय ना ते पाहून विवरणपत्र भरा, कापलेले पैसे परत मिळू शकतात.

तिकीट लावून नाट्यगृहात प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, तेव्हा तारीख घेण्याआधी संहिता पूर्ण हवी.

नक्कल करणं हा गुन्हा नाही. दलेर मेहंदींच्या आवाजातल्या गाणाऱ्या बाहुल्यांच्या २०१० च्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने विक्रीसाठी केलेला वापर रोखला, पण विडंबन आणि व्यंगचित्र त्यात येत नाही हेही म्हटलं. अमिताभ बच्चन (२०२२), अनिल कपूर (२०२३) आणि अरिजित सिंग (२०२४, मुंबई उच्च न्यायालय) यांना मिळालेले आदेशही नाव, चेहरा आणि आवाज यांच्या धंदेवाईक गैरवापराविरुद्ध आहेत, शेवटचा तर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या आवाजाबद्दल. व्यवहारात याचा अर्थ असा: स्टेजवर नक्कल करा, पण त्या आवाजात एखाद्या दुकानाची जाहिरात करू नका. खरा माणूसच बोलतोय असं लोकांना वाटेल अशी क्लिप बनवू नका. आणि त्या माणसाने न केलेलं कृत्य त्याच्या नावावर खपवू नका, ते बदनामीत जाऊ शकतं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. दिवंगत माणसाबद्दलही हे कलम लागू शकतं.

प्रत्येक कार्यक्रम फोनवर रेकॉर्ड करा, कॅमेरा प्रेक्षकाकडे नसला तरी चालेल, आवाज पुरतो. दुसऱ्या दिवशी संहितेची प्रत घेऊन ऐका आणि ज्या शब्दावर हशा आला त्याच्यापुढे तारीख टाका. तीन वेगवेगळ्या ठिकाणी ज्या ओळीपुढे तारीख पडली नाही, ती ओळ काढा. अनपेक्षित जागी हशा आला असेल तर तिथे तुम्ही काय केलंत ते शोधा. बहुतेक वेळा तिथे वाक्य विसरल्यामुळे तुम्ही थांबलेले असता. तो पॉझ संहितेत लिहून ठेवा.